पेटीला दिलेली परवानगी

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं लोक म्हणतात. लोक कशाला, माझा नवराच म्हणतो, आणि तेही पाहुण्यांसमोर. पण माझं कामच तसं आहे. मी लिफ्ट तपासते. इमारतीच्या डोक्यावरच्या मशीनच्या खोलीत चढायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचा, दारं नीट लागतात का बघायचं, आणि सगळं ठीक असेल तर लिफ्टमध्ये आरशाशेजारी तारखेचं स्टिकर चिकटवायचं. ठीक नसेल तर कुलूप. मग इमारतीचा व्यवस्थापक हात जोडून म्हणतो, मॅडम, चालतेय की, जाऊ द्या ना. अशा माणसाशी गोड बोलून भागत नाही. आणि दिवसभर चढवलेला आवाज घरी आल्या आल्या कसा उतरणार, तुम्हीच सांगा.

नवरा अगदी उलट. मी दहा वाक्यं बोलावीत आणि त्यानं 'बरं' म्हणावं, असा आमचा संसार. त्याचं आयुष्य बेकरीत भट्टीपुढे गेलं. ब्रेड, बन, टोस्ट. पीठ नुसतं हाताला लागत नाही, छातीतही जातं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. जिना चढताना तो मधल्या वळणावर थांबायला लागला आणि खिडकीतून बाहेर काहीतरी बघितल्यासारखं करायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर नुसती भिंत. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि स्पष्ट सांगितलं, आता पिठाजवळ एक दिवससुद्धा नको.

बेकरीतून निघताना त्याला एकरकमी पैसे मिळाले. त्याच सुमारास आमच्या गल्लीच्या टोकाचे सायकलवाले काका दुकान विकायला निघाले होते. नवऱ्याचा हात यंत्रात चांगला चालतो. काकांनी शब्द दिला, थंडी संपेपर्यंत दुकान तुझ्यासाठी राखतो, मग मी लेकीकडे जाणार. म्हणजे गोष्ट सरळ होती. ते पैसे राहिले तर सायकलींचं दुकान आणि मोकळी हवा. गेले तर पुन्हा भट्टी, कारण बेकरीचा मालक त्याला कधीही परत घ्यायला तयार होता आणि नवरा मला न सांगता गेलाही असता. त्याला मी चांगली ओळखते.

आता थंडी संपेपर्यंत पैसे नुसते पडून का ठेवायचे, हा किडा त्याच्या डोक्यात शिरला सलूनमध्ये.

सलूनच्या मागे एक खोली आहे. टॉवेलांचे गठ्ठे, मोडकी फिरती खुर्ची, चहाची किटली. तिथे तिघे जमायचे. सलूनवाला, त्याच्या शेजारचा केमिस्ट आणि शाळेतले भूगोलाचे सर. घरी बसून कंटाळलेला माझा नवरा झाला चौथा. हे चौघे डिजिटल नाण्यांच्या नादाला लागलेले. त्यातही शहाणे, म्हणजे आज वर उद्या खाली असली नाणी नकोत. भाव जागेवर राहतो तेच नाणं घ्यायचं आणि ते 'पेटीत' ठेवायचं. पेटी म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट. माणूस नाही, बँक नाही, संगणकावर लिहून ठेवलेला करार. नाणी टाकली की व्याज देतो, मागितली की परत करतो. जे लिहिलंय तेवढंच करणार, असं नवरा मला समजावत होता तेव्हा त्याचे डोळे किती दिवसांनी चमकत होते, म्हणून मी ऐकून घेतलं. नाहीतर मी ऐकणाऱ्यातली नाही.

पेटी बरी की वाईट हे ठरवायच्या त्यांच्या रीती होत्या, आणि त्या ते अगदी मनापासून पाळायचे. सलूनवाला आधी चिमूटभर नाणी टाकायचा, दुसऱ्या दिवशी काढून बघायचा. आली परत, म्हणजे पेटी प्रामाणिक. केमिस्ट गर्दी बघायचा. इतक्या लोकांनी टाकलेत, ते काय सगळे वेडे आहेत का. सर मात्र पेटीच्या पानावर तपासणीचा बिल्ला आहे का ते बघायचे. एखाद्या नावाजलेल्या कंपनीनं आतलं लिखाण तपासलं की तसा बिल्ला लागतो म्हणे. या पेटीनं तिन्ही परीक्षा पार केल्या. नवऱ्यानं सगळी रक्कम टाकली आणि मला येऊन सांगितलं. आधी नाही, नंतर.

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर मी एवढंच विचारलं की बाबा, आत बदल करायची चावी कोणाकडे असते? तो म्हणाला, कोणाकडेच नाही, तीच तर गंमत आहे. मला पटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या सहा लिफ्ट तपासायच्या होत्या, आणि तो बिल्ला बघून मलाही थोडं बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

याच दिवसांत वन्सं राहायला आल्या. नवऱ्याची धाकटी बहीण. तिच्या वरच्या घरातला पाइप फुटून तिची जमीन उखडली होती, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत आमच्याकडे. आमचं दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. भांडण असं कधी झालं नाही, पण मी तिला पहिल्या दिवसापासून 'अहो वन्सं' म्हणत आले ते काही आदरानं नाही, लांब ठेवायला. ती एकटी राहते, हळू बोलते, आणि प्रत्येक गोष्ट वाचते. औषधाच्या खोक्यात घडी घालून जो कागद असतो ना, कोणी वाचत नाही तो, त्यातल्या चुका काढायची तिची नोकरी. त्यामुळे घरातही तेच. बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचणार, गिझरवरची पट्टी वाचणार, मी आणलेल्या साबणावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते मला सांगणार. तिसऱ्या दिवशी माझं डोकं उठलं होतं.

एका रविवारी जेवताना नवऱ्यानं तिला पेटीचं सांगितलं. हातातला घास तसाच धरून तिनं फोन मागितला, बिल्ला ज्या पानावर होता ते पान उघडून. त्या बिल्ल्यावर बोट ठेवलं की तपासणीचा पूर्ण अहवाल उघडतो, हे त्या चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. म्हणजे उघडतो हे सरांना माहीत होतं, पण तो उघडायचा असतो हे माहीत नव्हतं. वन्सं फोन घेऊन खिडकीशी बसल्या त्या भांडी घासून, ओटा पुसून झाला तरी तिथेच. मला वाटलं, काम टाळायची ही बरी युक्ती आहे.

मग तिनं आम्हा दोघांना बोलावलं आणि शांतपणे सांगितलं. अहवाल खरा होता. तपासणाऱ्यांनी काम चोख केलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की या पेटीतलं लिखाण केव्हाही बदलता येतं, आणि ते बदलायची चावी एकच आहे, एका माणसाच्या हातात. ती चोरीला गेली किंवा त्याची नियत फिरली तर सगळं संपलं. हे आम्ही पेटीवाल्यांना कळवलं, त्यांनी दुरुस्त केलेलं नाही, असंही लिहिलं होतं. आणि पुढे पेटीवाल्यांच्याच पानावर तारखा होत्या. तपासणी झाल्यावर आतलं लिखाण दोनदा बदललं गेलं होतं. बिल्ला होता तो आधीच्या लिखाणाचा.

वर्षभरापूर्वी मी एक लिफ्ट बंद केली होती, तिच्यात स्टिकर अगदी चालू तारखेचं होतं, फक्त मधल्या काळात कोणीतरी मोटर बदलली होती. लोक रोज त्या स्टिकरशेजारच्या आरशात केस नीट करत वर जायचे.

नवरा कुरकुरायला लागला. आत्ता काढले तर मुदतीचं जास्तीचं व्याज बुडतं, थंडी संपायला थोडेच दिवस उरलेत, सर म्हणतात की. सर म्हणतात, हे ऐकल्यावर माझा तोंडाचा पट्टा सुटला. सरांना म्हणावं नकाशात नद्या दाखवा, माझ्या घरातल्या पैशांना वाट दाखवू नका, इथपासून मी जी सुरुवात केली ती शेजारच्या बाईंनी रेडिओ बंद करेपर्यंत. नवऱ्यानं हात टेकले. संध्याकाळी सगळी नाणी पेटीतून निघून त्याच्या फोनमधल्या पाकिटात आली. माझा जीव भांड्यात पडला. मी चहा टाकला, आणि दोन कप टाकायचे ते तीन टाकले, एवढं मला आठवतं.

पण वन्सं चहाला हात लावेनात.

"दादा, पेटीला दिलेली परवानगी काढून घेतलीस का?" ती म्हणाली.

तो म्हणाला, कसली परवानगी. मग तिनं सांगितलं, आणि त्याला ते ठाऊक होतं, फक्त लक्षात नव्हतं. पेटीत पहिल्यांदा नाणी टाकताना पेटी विचारते, तुमच्या पाकिटातून मी नाणी उचलू का? किती उचलू? दर वेळी विचारायचा त्रास नको म्हणून सगळेच 'हवी तेवढी' म्हणून मोकळे होतात. सलूनमधले चौघेही तसेच मोकळे झाले होते. आता नाणी पेटीतून परत आली, पण पेटीला दिलेली ती मोकळीक तशीच राहिली. उद्या आतलं लिखाण बदललं तर पेटी पाकिटात हात घालू शकते, आणि कोणाला विचारायचीही गरज नाही.

नवरा हसला. पैसे माझ्याकडे आलेत, आता कसली भीती, परवानगी काढायलाही थोडे पैसे पडतात, उद्या बघू. ती पुन्हा म्हणाली, आत्ता काढ. तो म्हणाला, छोटी, तू अति करतेस. ती पुन्हा म्हणाली. एरवी एकदा बोलून गप्प बसणारी बाई, एकच वाक्य परत परत म्हणत होती, आणि टेबलाच्या कडेला तिनं बोटं अशी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. मला तेव्हा वाटलं, वाचून वाचून हिचं डोकं फिरलंय. मला दोघांचाही कंटाळा आला होता. दिवसभराची दमलेली मी, चहा गार होत होता.

"तिनं सांगितलंय ना काढ, मग काढ," मी ओरडले. "आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं तोंड वाकडं करत काढली. मी खांद्यावरून बघत उभी राहिले, पाकिटाच्या पानावरून पेटीचं नाव जाईपर्यंत. मग वन्संनी गार चहा एका घोटात प्यायला आणि आत जाऊन झोपल्या. दिवेलागणीला कोण झोपतं, असं मी पुटपुटलेही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं सलूनमध्ये हे सगळं सांगितलं. सर म्हणाले, बायकांच्या घाबरटपणावर गुंतवणूक चालत नाही, आणि त्यांनी काही काढलं नाही. केमिस्टनं नाणी काढली, परवानगीचं मात्र मनावर घेतलं नाही. माझी नाणी काढून घेतल्यावर पेटी काय करणार, म्हणाला. सलूनवाल्याच्या हातात वस्तरा होता आणि गालाला साबण लावून खुर्चीत माझा नवरा बसला होता. नवरा म्हणाला, तू परवानगी काढल्याशिवाय मी उठत नाही. गिऱ्हाइकं खोळंबली तेव्हा त्यानं वैतागून हात पुसले आणि आधी नाणी, मग परवानगी, दोन्ही काढून घेतलं.

आठवडाही गेला नसेल. सकाळी मी कामाचे बूट चढवत होते आणि सरांचा फोन आला. सर तुटक तुटक सांगत होते. पेटीची चावी कोणीतरी पळवली होती. आतलं लिखाण बदललं, आणि पेटी तर रिकामी झालीच, ज्यांनी ज्यांनी मोकळीक दिली होती त्यांची पाकिटंही धुऊन निघाली. सरांचे पेटीतले गेले. केमिस्टचे काढून पाकिटात ठेवलेले गेले. त्यानं नाणी काढली होती ना, म्हणून तो तर निर्धास्त झोपला होता.

नवऱ्यानं पाकीट उघडायला अंगठा टेकवला, तर फोन त्याला ओळखेना. मी त्याच्या हातातून घेतला, पुसला, त्याचा अंगठा धरून टेकवला. नाणी होती. सगळी. आम्ही दोघं बाहेरच्या दारात, मी एक बूट घातलेली, तशीच जमिनीवर बसलो. तो रडला. माझं लग्न झाल्यापासून मी त्याला रडताना बघितलं नव्हतं.

सलूनवाला दुपारी घरी आला. तो म्हणाला की या घरातल्या कोणाचेही केस यापुढे फुकट. माझे केस पाहून त्यानं पुढचं वाक्य गिळलं, ते मला दिसलं. जाताना तो वन्संच्या खोलीच्या दाराकडे बघून वाकला, बंद दारालाच. केमिस्टकडे मी स्वतः गेले. काउंटरमागे बसला होता, गोळ्यांच्या पाकिटावर गिऱ्हाइकासाठी वेळा लिहीत. हळहळ वाटली एवढंच सांगितलं. तो म्हणाला, तुमच्या नणंदेनं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. दुकान त्याचं आहे, तो उभा राहील. सरांचं काय होईल ते मला अजून माहीत नाही, आणि त्यांच्याबद्दल बोललेलं ते नद्यांचं वाक्य मला आता घशात अडकतं.

त्याच आठवड्यात नाण्यांचे पैसे करून ते सायकलवाल्या काकांना दिले. काकांनी दुकानाचं शटर नवऱ्याच्या हातानं उघडून घेतलं. तिथे रबराचा आणि तेलाचा वास आहे. पीठ कुठेच नाही. तो आत जाऊन नुसता उभा राहिला आणि मोठा श्वास घेतला, आणि खोकला आला नाही.

मी आभार मानणाऱ्यातली नाही. पण त्या दिवशी दुकानातून घरी आले, वन्सं ओट्याशी लसूण सोलत होत्या, त्यांच्याशेजारी उभी राहिले आणि सरळ बोलले. वन्सं, तुमच्यामुळे माझा नवरा भट्टीपासून वाचला. मी तुम्हाला कधी धड हाक मारली नाही, तरी तुम्ही त्याच्यासाठी बसून ते सगळं वाचलंत. मी जन्मभर विसरणार नाही.

ती लसूण सोलतच राहिली.

"वाचायला काय, कोणीही वाचेल, वहिनी. दादानं माझं कधी ऐकलंय? तुम्ही ओरडलात म्हणून त्यानं काढली."

मी म्हटलं, ओरडणं माझ्या स्वभावातच आहे, त्यात काय मोठंसं. पण तुम्हाला ते परवानगीचं कसं माहीत? अहवालात तर ते नव्हतं.

तिनं हातातली पाकळी ताटलीत टाकली. मग हळू आवाजात, नेहमीसारखी, सांगू लागली. गेल्या वर्षी तिनंही असेच ठेवले होते, दुसऱ्या एका पेटीत. म्हातारपणासाठी साठवलेले, होते तेवढे सगळे. अहवाल वाचला होता, शेवटच्या ओळीपर्यंत. धोका दिसल्याबरोबर वेळेवर काढलेही होते. स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटून त्या दिवशी तिनं स्वतःसाठी केक आणला होता. फक्त परवानगी राहिली.

"घरी विचारणारं कोणी नव्हतं ना, काढलीस का म्हणून," ती म्हणाली. "आणि गेल्यावर ओरडणारंही कोणी नव्हतं. मी भांडी घासली आणि झोपले."

वर्षभर. वर्षभर या बाईनं कोणाला सांगितलं नाही. सणकून माझं डोकं तापलं, आणि मी सुरू झाले.

"अगं, आणि हे तू मला आज सांगतेस? आम्ही मेलो होतो का? गल्ली ओलांडून दोन बस बदलल्या की तुझं घर, आणि तू एकटी भांडी घासत बसलीस? कोण समजतेस तू स्वतःला? आता तू इथून हलायचं नाहीस, जमीन दुरुस्त होवो नाहीतर न होवो. म्हातारपणाचं काय ते आपण तिघं बघू. ऐकू येतंय का तुला?"

नवरा हात पुसत दारात येऊन उभा राहिला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, थेट लसणीवर, आणि ती हसत होती. मला वाटलं, फार झालं बहुतेक, म्हणून मी थांबले.

"ओरडा, वहिनी," ती म्हणाली. "थांबू नका."

मग मी काही थांबले नाही.